कागद किती, शेवटचा कधीचा

मी, ज्यास न्यायकचेरीत आणि कचेरीबाहेरही 'दप्तरीआबा' म्हणून ओळखतात तो, वय वर्षे एक्याऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, पूर्वीचा व्यवसाय न्यायकचेरीच्या दप्तरखान्यात दप्तरी, सेवा तेहतीस वर्षे, त्या काळात एकही ताशेरा नाही, राहणार दुसरा मजला, जिन्यालगतची खोली, पूर्ण शुद्धीवर राहून व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देतो ते येणेप्रमाणे.

मोठ्या रुग्णालयाच्या प्रतीक्षायादीत जी चूक झाली तिची चौकशी चालू आहे. त्या यादीचे वेबपान माझ्या नातीने तयार केले असल्याने दोष तिच्यावर ठेवला जात आहे. ती माझ्या दिवंगत मुलाची एकुलती एक मुलगी. त्या चुकीपायी जिचा प्राण गेला ती माझी सून, म्हणजे माझ्या नातीची जन्मदाती आई.

नात परगावी नोकरीस आहे. मला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून आमचा व्यवहार पत्रांनी चालतो. तिची पत्रे मी जपून ठेवतो व माझ्या प्रत्येक पत्राची नक्कल ठेवतो. ती सर्व पत्रे तारखेच्या क्रमाने पुढे लावली आहेत. त्यांतून एकही काढलेले नाही, त्यांत एकही घातलेले नाही. शेवटी मला जे सांगावयाचे आहे ते सांगितले आहे.

---

२ मार्च

आबा, नमस्कार.

मागच्या वेळी माझं पत्र तुम्ही लाल शाईने तपासून परत पाठवलंत. अकरा चुका! आमच्या ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. साहेब म्हणाले, "तुझ्या आजोबांना आपल्याकडे तपासनीस म्हणून घेऊ या."

सध्या जीव अगदी मेटाकुटीला आलाय. मोठ्या रुग्णालयाचं काम आमच्याकडे आहे हे तुम्हाला माहीत आहे. डायलिसिसच्या यंत्रासाठी ज्यांनी अर्ज केलेत त्यांची यादी त्यांच्या वेबपानावर असते. पूर्वी रुग्णालय पोस्टकार्ड पाठवायचं, आता ते बंद. रोज पान बघायचं, आपला अर्ज क्रमांक वर आला की दोन दिवसांत खिडकीवर हजर व्हायचं. झालं असं, की सकाळी सातला हजारो नातेवाईक एकदम पान उघडतात आणि ते उघडायला चाळीस-चाळीस सेकंद लागतात. कधी उघडतच नाही. कारण प्रत्येक माणसासाठी मशीन पुन्हा पहिल्यापासून सगळे अर्ज गोळा करतं, तारखेने लावतं आणि मग यादी देतं. यादी तीच, मागणारे हजार, म्हणून काम हजार वेळा.

उपाय सोपा आहे. एकदा केलेली यादी बाजूला जपून ठेवायची आणि पुढच्या माणसाला तीच द्यायची. त्याला आम्ही कॅश म्हणतो. पण जपलेली यादी शिळी झाली की नाही हे कसं ओळखायचं? त्यासाठी प्रत्येक अर्ज तपासत बसलं तर वेळ वाचला कुठे? तिथे गाडी अडलीय.

आईच्या पायावरची सूज कशी आहे? ती मला नेहमी "बरी आहे" एवढंच सांगते.

तुमची भिंगरी

---

९ मार्च, रविवार

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. तारखेपुढे वार लिहिलेला नाही. चुका चार. सुधारणा आहे.

तू ज्या अडचणीविषयी लिहिले आहेस ती तुमच्या यंत्रांनी नव्याने शोधलेली नाही. दप्तरखान्यात माझ्या ताब्यात सहा हजारांवर गठ्ठे होते. वरून शिपाई येई व विचारी, "अमुक प्रकरणात नवीन काही आले आहे काय?" प्रत्येक वेळी गठ्ठ्याची फीत सोडून कागद चाळावयाचे म्हटले असते तर दिवसाकाठी वीस गठ्ठेही झाले नसते. म्हणून मी प्रत्येक गठ्ठ्यावर एक चिठ्ठी लावली. तिच्यावर दोनच गोष्टी लिहिल्या: कागद किती, आणि शेवटचा कागद कोणत्या तारखेचा. आवकजावक वहीत त्याच दोन गोष्टी पाहावयाच्या. दोन्ही जुळल्या तर गठ्ठ्यात काही हललेले नाही. फीत सोडावयाचे कारण नाही. एखादी जरी जुळली नाही तरच सोडावयाची. माझे उत्तर शिपायाचा श्वास खाली बसण्याच्या आत तयार असे. प्रमुख न्यायाधीश एकदा स्वतः खाली आले व म्हणाले, "दप्तरी, तुमच्या डोक्यात कपाट आहे." चौथी शिकलेल्या माणसास ते म्हणाले.

तुझ्या आईच्या पायांस सूज आहे. ती घरात चप्पल घालत नाही, कारण चप्पल पायात जात नाही. तिने मला हे लिहू नका असे सांगितले आहे, म्हणून तुला ठाऊक नाही असे धरून चाल.

कळावे.

आबा

---

१७ मार्च, सोमवार (वार लिहिलाय, बघा)

आबा,

तुमचं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि तशीच जागेवर जाऊन बसले. हेच! अगदी हेच! अर्ज किती आणि सगळ्यांत अलीकडची नोंद कधीची. मशीनला एवढे दोनच प्रश्न विचारायचे, दोन्हीची उत्तरं चुटकीसरशी मिळतात. जुळली तर जपलेली यादी देऊन टाकायची. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?" मी म्हटलं, "चौथी पास पुस्तकात."

एकच विचारते. रागावू नका. तेहतीस वर्षांत या दोन खुणा कधी चुकल्या का? म्हणजे दोन्ही जुळल्यात आणि तरीही आतला कागद बदललाय, असं कधी झालं? मी इथे कागदावर उलटसुलट करून बघतेय, पण मला साहेबांनी महिनाअखेरपर्यंतचाच वेळ दिलाय. तुमचा अनुभव असेल तर माझे चार दिवस वाचतील.

आईला डॉक्टरकडे न्या. ओढून न्या.

भिंगरी

---

२४ मार्च, सोमवार

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर: एकदाही नाही.

तुझ्या आईस डॉक्टरांनी तपासले. मूत्रपिंडांचे काम फार थोडे उरले आहे असे ते म्हणाले. हे आज समजलेले नाही. तिने गेल्या नोव्हेंबरातच त्याच रुग्णालयाच्या पलीकडच्या लहान शाखेत यंत्रासाठी अर्ज केला होता व आपणां दोघांपासून लपवून ठेवला होता. मी विचारले, तेव्हा म्हणाली, "मामंजी, तुम्ही तिला पत्रात लिहिणार, ती नोकरी सोडून इथे येऊन बसणार. त्यापेक्षा सुजलेले पाय परवडले." अर्ज क्रमांक सतराशे चार. मी वहीत टिपून घेतला आहे.

तू येऊ नयेस, तुझे काम पुरे करावेस, असे तिचे म्हणणे आहे. माझेही आहे.

आबा

---

१२ एप्रिल, शनिवार

आबा,

पान आता पापणी लवायच्या आत उघडतं. चाळीस सेकंदांचं अर्ध्या सेकंदावर आलं. रुग्णालयाच्या अधीक्षकांनी साहेबांना फोन करून सांगितलं, की सकाळची शिव्यांची फेरी बंद झाली. ऑफिसात या पद्धतीला सगळे 'आबा खूण' म्हणतात. परवा एकजण दुसऱ्याला सांगत होता, "आधी आबांना विचार, मग मशीनला." मला इतकं हसू आलं आणि मग एकदम रडूच आलं, का ते कळलं नाही.

आईशी बोलले. लहान शाखेतलं यंत्र बंद पडलंय म्हणाली. मग आता तिथल्या अर्जांचं काय? मी इथे विचारते, पण अर्जांची अदलाबदल रुग्णालय स्वतः करतं, आम्हाला फक्त यादी दिसते.

भिंगरी

---

२० एप्रिल, रविवार

चि. भिंगरीस आशीर्वाद.

मी स्वतः लहान शाखेत जाऊन आलो. तेथील परिचारिका समजूतदार आहे. तिने सांगितले की मोठ्या यादीतून एक जण गेला की त्याच्या जागी या शाखेतील सर्वांत जुना अर्ज पाठवावयाचा असे ठरले आहे. अर्ज मूळ तारखेसह जाईल, म्हणजे थांबलेल्याचा काळ वाया जाणार नाही. नोव्हेंबरची तारीख असल्याने तुझ्या आईचा क्रमांक जाताक्षणी पहिला लागेल. पद्धत न्यायाची आहे. मी तिला तसे म्हणालो.

आता रोज सकाळी सातला आम्ही दोघे यादी पाहतो. मोबाईल तिच्या हातात, वही माझ्या. ती वरचे दहा क्रमांक वाचते, मी टिपून घेतो. नंतर ती एकूण संख्या व शेवटच्या नोंदीची तारीख वाचते, कारण मी तसा नियम केला आहे. काल म्हणाली, "मामंजी, हजेरी घेताय की काय आजाऱ्यांची?" तिचा चेहरा पिवळा पडला आहे, परंतु जीभ शाबूत आहे.

माझ्या पद्धतीस नाव मिळाल्याचे वाचून समाधान वाटले. ते पत्र मी खालच्या घड्याळजीस वाचून दाखवले. त्याने दोनदा वाचावयास लावले.

आबा

---

१२ मे, सोमवार

चि. भिंगरीस.

शुक्रवारी संध्याकाळी परिचारिकेने तुझ्या आईस फोनवर कळवले की अर्ज पाठवला आहे. शनिवारी सकाळी यादीत सतराशे चार नव्हता. तुझी आई म्हणाली, "मी खिडकीवर जाऊन नुसतं विचारून येते. विचारायला काय जीभ झिजणार आहे?" मी तिला जाऊ दिले नाही. यादीत क्रमांक नसताना खिडकीवर उभे राहणे म्हणजे न बोलावता कोणाच्या दारात जाण्यासारखे आहे असे मी म्हणालो. ती म्हणाली, "या घरात माझ्यापेक्षा यादीचा मान मोठा." हसून म्हणाली. रविवारीही क्रमांक नव्हता.

आज सकाळी क्रमांक दिसला. दोनशे बारावा, म्हणजे सर्वांत शेवटी. पुढे शेरा: गैरहजर.

मी रुग्णालयात गेलो. खिडकीवरील बाई म्हणाल्या, "आजोबा, शुक्रवार संध्याकाळपासून तुमचा पहिला नंबर होता. दोन दिवस काय करत होता?"

मी म्हणालो, "यादी पाहत होतो."

"मग दिसलं नाही?"

"नाही."

"चष्म्याचा नंबर बदलून घ्या," असे म्हणून त्यांनी पुढच्या माणसास बोलावले.

मी वही दाखवली. ती त्यांनी पाहिली नाही. तू चौकशी कर. त्वरित कर. तिला आज जिन्याच्या तीन पायऱ्या चढवल्या नाहीत.

आबा

---

८ जून, रविवार

आबा,

परत येऊन बारा दिवस झाले. आईचा चष्मा माझ्या पिशवीत राहून गेलाय. ती गेली त्या दिवशी तुम्ही माझ्याशी एक शब्दही बोलला नाहीत आणि मीही तुमच्याशी बोलले नाही, म्हणून लिहिते.

काय झालं ते मला सापडलंय. चौकशी समितीच्या आधी मलाच सापडलं. शुक्रवारी संध्याकाळी यादीतून एक माणूस गेला आणि आई आली. दोनशे बारा होते, दोनशे बाराच राहिले. आईच्या अर्जाची तारीख नोव्हेंबरची, मूळ तारखेसह आणलेली, त्यामुळे सगळ्यांत अलीकडची नोंद जी शुक्रवार दुपारची होती तीच राहिली. संख्या तीच, शेवटची तारीख तीच. मशीनने दोन्ही खुणा ताडून पाहिल्या आणि जपलेली जुनी यादी काढून दिली. त्या यादीत आई नव्हती. शनिवार-रविवार नवीन अर्ज घेत नाहीत, म्हणून दोन दिवस काहीच हललं नाही. सोमवारी सकाळी कुणीतरी आईच्या अर्जावर 'गैरहजर' असा शेरा मारला. शेऱ्याची तारीख नवीन, म्हणून खूण बदलली, म्हणून यादी ताजी झाली. आबा, ती आली नाही असं लिहिल्यावरच ती यादीत आली.

मी समितीला सांगितलंय की पद्धत माझी आहे. तुमचं नाव घेतलेलं नाही. नोकरी जाईलच, त्याचं काही नाही. साहेब माझ्याकडे बघायचं टाळतात. 'आबा खूण' आता कुणी म्हणत नाही.

मला एकच गोष्ट कळत नाही आणि मी रोज तीच शोधत बसते. तुमच्याकडे सहा हजार गठ्ठे होते. तेहतीस वर्षं. एक कागद काढला, एक जुना घातला, असं तिथेही कधीतरी झालंच असणार. तरी तुमच्याकडे एकदाही चुकलं नाही. मग तुम्ही असं काय करत होतात जे मी केलं नाही? माझ्याकडून काय राहिलं?

भिंगरी

---

३० जून, सोमवार

या शेवटच्या पत्रास मी टपालाने उत्तर दिले नाही. नातीस येण्यास कळवले. घड्याळजी व लहान शाखेतील परिचारिका यांस साक्षीस बसवून तिच्यासमोर जे वाचून दाखवले ते असे.

मार्च महिन्याच्या चोवीस तारखेस मी "एकदाही नाही" असे लिहिले. ते खोटे आहे.

माझ्या सेवेच्या अकराव्या वर्षी एका भट्टीवाल्याचे प्रकरण माझ्या ताब्यात होते. त्याची पावाची भट्टी व तिच्यावरील खोली रिकामी करण्याचा हुकूम झाला होता. त्याने वरच्या न्यायालयातून तो हुकूम थांबवून आणला. तो कागद आठ दिवसांपूर्वीच्या तारखेचा होता व तो गठ्ठ्यात घालताना कारकुनाने आतील एक जुनी पावती काढून घेतली. शिपाई विचारावयास आला, "काही नवीन?" मी चिठ्ठी पाहिली, वही पाहिली. कागद तेवढेच, शेवटची तारीख तीच. मी फीत न सोडता म्हणालो, "नाही." त्याच दुपारी भट्टीस कुलूप लागले. हुकूम थांबवणारा कागद माझ्या हातापासून दोन फुटांवर होता. संध्याकाळी कपाट लावताना मी तो गठ्ठा उघडला व पाहिला. दुसऱ्या दिवशी विचारणा झाली तेव्हा मी गप्प राहिलो. कारकुनास दूरच्या कचेरीत पाठवण्यात आले. भट्टीवाल्याचे पुढे काय झाले हे मी विचारले नाही. त्या गल्लीने मी नंतरची बावीस वर्षे गेलो नाही. माझ्या नावावर ताशेरा नाही तो अशा प्रकारे नाही.

त्या दिवसापासून मी तिसरी खूण ठेवू लागलो. चिठ्ठीच्या पाठीवर आतील प्रत्येक कागदाचा नोंदक्रमांक लिहीत असे व उत्तर देण्यापूर्वी चिठ्ठी उलटून ते क्रमांक वहीशी ताडून पाहत असे. लोकांस तो माझा नीटनेटकेपणा वाटे. पुढे बावीस वर्षांत खूण चुकली नाही ती तिसरीमुळे. नातीने विचारले असता मी दोनच सांगितल्या. तिसरी सांगितली असती तर ती का ठेवावी लागली हेही सांगावे लागले असते. तिच्या नजरेत मी डोक्यात कपाट असलेला माणूस होतो. एक्याऐंशीव्या वर्षी ती नजर जावी असे मला वाटले नाही.

याहून वाईट सांगावयाचे आहे. शनिवारी, मे महिन्याच्या दहा तारखेस, सुनेने वाचले व मी वहीत टिपले: संख्या दोनशे बारा, शेवटची नोंद शुक्रवार. शुक्रवारी सकाळी टिपले होते दोनशे अकरा व गुरुवार. म्हणजे शुक्रवारी दुपारी एक नवीन अर्ज आला एवढेच यादी दाखवीत होती. परिचारिका तर म्हणाली होती की संध्याकाळी अर्ज पाठवला. तो आला असेल, तर एक जण गेलाही असणार, कारण नियमच तसा. गेला एक, आला एक, आणि आलेला जुन्या तारखेचा. मला भट्टीवाला आठवला. त्याचा चेहराही आठवला. वही माझ्या मांडीवर होती व सून समोर पायात चप्पल चढवण्याची खटपट करीत होती. मी एवढेच म्हणावयाचे होते की, "जा, विचारून ये." तसे म्हटले असते तर माझी खूण चुकू शकते हे मी स्वतःच्या तोंडाने मान्य केले असते. मी म्हणालो, "यादी म्हणजे यादी." तिने चप्पल काढून ठेवली.

रविवारीही मला ठाऊक होते.

म्हणून समितीस विनंती की नातीस दोषी धरू नये. पद्धत माझी, तिच्यातील छिद्र मला माहीत असलेले, व ते झाकून ठेवणारा मीच. शिक्षेस मी पात्र आहे. माझ्या वयास अनुसरून सूट मागत नाही.

वाचून संपल्यावर घड्याळजीने टोपी काढून मांडीवर ठेवली. नात खिडकीपाशी, जेथे तिची आई बसून यादी वाचीत असे, तेथे बसली होती. मी म्हणालो, "भिंगरे, हे दिल्यावर तुझी नोकरी राहील."

ती म्हणाली, "मार्चमध्ये एक ओळ लिहायची होती, आबा. एकच ओळ."

मी होय म्हणालो.

ती म्हणाली, "मी मूर्ख आहे असं समजून मी एवढे दिवस जगले. ते बरं होतं." मग तिने पिशवीतून आईचा चष्मा काढला, टेबलावर माझ्या वहीशेजारी ठेवला, व सही न करता जिना उतरून गेली. मी हाक मारली नाही. तिला ऐकू गेली असती.

सोबतचे कागद मी स्वतः मोजून, फीत बांधून, चिठ्ठी लावून देत आहे. चिठ्ठीवर लिहिले आहे: कागद नऊ, शेवटचा ३० जून. पाठीवर प्रत्येकाची तारीख लिहिली आहे. तरीही समितीने चिठ्ठीवर विसंबू नये. फीत सोडावी व प्रत्येक कागद वाचावा.

येणेप्रमाणे लिहून दिले, वाचून दाखवले, बरोबर आहे.

साक्षीस हजर: खालच्या मजल्यावरील घड्याळजी, सही. लहान शाखेतील परिचारिका, सही.

नात हजर होती. सही नाही.